पंखा बोलतो तेव्हा : बोटीच्या प्रोपेलरचे आवाज आणि त्यांची कारणं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकून माझ्याच घरात पहिला प्रश्न आला, "पंख्याच्या आवाजावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण माझी जवळपास सगळी नोकरी बोटींच्या मागच्या टोकाशी, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि प्रोपेलर यांच्याशी गेली. आणि त्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून आवाज न ऐकल्यामुळे झाली. तिथूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा कोकणातल्या एका बोटी बांधणाऱ्या कारखान्यात नवीन लागलो होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आम्ही एक ट्रॉलर बांधून दिला. नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या, आणि पंधरा दिवसांनी त्या बोटीचे तांडेल धक्क्यावर मला भेटले. वयानं माझ्या वडिलांएवढे. म्हणाले, "साहेब, पंखा रडतोय." कोकणात प्रोपेलरला पंखाच म्हणतात, मीही आज तोच शब्द वापरणार आहे. मी विचारलं, रडतोय म्हणजे? ते म्हणाले, "बंदरात शिरताना, मशीन हळू केलं की रडतो. जोरात असताना गप्प." मी हसलो. म्हणालो, "काका, नवीन बोट आहे. रुळेल." ते काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरात ती बोट रात्री खोल पाण्यात असताना शाफ्ट तुटला. पंखा समुद्रात गेला. पाच माणसं रात्रभर वाहत्या बोटीत, शाफ्टच्या वाटेनं आत येणारं पाणी उपसत बसली होती. सकाळी दुसऱ्या बोटीनं त्यांना ओढून आणलं. जीव वाचले, पण ऐन हंगामातला दीड महिना गेला. बोट वर घेतली तेव्हा कारण समजलं. मागचं रबरी बेअरिंग पाण्यानं थंड राहतं. त्यात पाणी जायला ज्या खाचा असतात, त्या बसवताना लावलेल्या लुकणानं बुजल्या होत्या. बेअरिंग कोरडं चालत होतं. ते रडणं खरं होतं आणि त्याचा अर्थ अगदी स्पष्ट होता. तो मला वाचता आला नाही, एवढंच.

म्हणून आज आपण ही भाषा शिकू. फार अवघड नाही. पंख्याचे आवाज ढोबळमानानं चार घराण्यांत बसतात : खडखडणारे, गाणारे, ठोके देणारे आणि किंचाळणारे. प्रत्येकाचं कारण वेगळं, इलाज वेगळा आणि धोकाही वेगळा.

पहिलं घराणं : खडखडाट

बोटीच्या मागच्या भागात, तळाशी, मूठभर खडी पत्र्यावर ओतल्यासारखा किंवा कढईत काहीतरी तडतडल्यासारखा आवाज येतो. वेग वाढवला की वाढतो. याला इंग्रजीत कॅव्हिटेशन म्हणतात. मराठीत आपण पोकळ्या पडणं म्हणू.

हा आवाज तुम्ही सगळ्यांनी घरी ऐकला आहे. चहाचं आधण ठेवलं की पाणी उकळायच्या थोडं आधी 'सूं' असा आवाज येतो, बरोबर? आणि पाणी खळखळून उकळायला लागलं की तो आवाज उलट कमी होतो. असं का? सुरुवातीला भांड्याच्या तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. ते वर सुटतात, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. तिथे पोचताच वाफेचं परत पाणी होतं आणि बुडबुडा मिटतो. असे हजारो बुडबुडे मिटण्याचा तो आवाज आहे. लक्षात ठेवा, आवाज बुडबुडा तयार होण्याचा नसतो, बुडबुडा मिटण्याचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, समुद्राचं पाणी कुठे उकळतंय? तर उकळण्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, तापमान वाढवा. दोन, दाब कमी करा. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९५–९६ अंशांनाच उकळतं. दाब आणखी कमी करत गेलात तर ३० अंशांचं, म्हणजे आपल्या समुद्राएवढं कोमट पाणीही उकळेल. त्यासाठी दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्यावर यावा लागतो. पंख्याचं पातं नेमकं हेच करतं.

पातं विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, आणि या फरकामुळे बोट पुढे जाते. थोडा हिशेब करू. पंख्याचा व्यास एक मीटर आणि फेरे मिनिटाला ६००, म्हणजे सेकंदाला १० असं धरा. पात्याचं टोक सेकंदाला साधारण ३१ मीटर जातं, म्हणजे ताशी ११० किलोमीटरहून जास्त. हायवेवरच्या गाडीच्या वेगानं पाणी कापलं जातंय. या वेगातून निर्माण होऊ शकणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास पाच पट आहे. पात्याच्या मागे दाब यातल्या नुसत्या एक पंचमांशानं जरी घसरला, तरी तिथलं पाणी उकळतं. वाफेची पोकळी तयार होते, पात्यावरून सरकते, जास्त दाबाच्या जागेत पोचते आणि क्षणार्धात मिटते. 'टक्'. असे टक् दर सेकंदाला अगणित होतात, आणि आपल्याला खडी ओतल्याचा भास होतो.

हे मिटणं किती जोरदार असतं? १९१७ साली लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. ब्रिटिश जहाजांचे पंखे झिजत का होते, हाच त्यामागचा प्रश्न होता. त्याच्या गणितानुसार पोकळीची त्रिज्या मूळच्या विसाव्या हिश्श्यावर आली की जवळच्या पाण्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १२६० पट होतो. हा घण सुईच्या टोकाएवढ्या जागेवर बसतो आणि परत परत बसतो. म्हणून काशाचं पातंसुद्धा वाळवी लागल्यासारखं पोखरलं जातं. पंखा वर घेतल्यावर पात्याच्या पाठीवर असे खड्डे दिसले, तर समजा की समुद्रात तो खडखडत होता.

टर्बिनियाची गोष्ट

हा प्रकार माणसाला कळला त्याची कथा छान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंजिनं झपाट्यानं ताकदवान होत होती. १८९३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'डेअरिंग' नावाच्या युद्धनौकेच्या चाचण्या चालू होत्या. इंजिन हवी तेवढी ताकद देत होतं, पण वेग मिळत नव्हता. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी या दोघांनी शोधून काढलं की पात्यांच्या मागे पोकळ्या पडतायत. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवलं, तेवढ्याच पाण्यावरचा ताण वाटला गेला, आणि वेग वाढला. 'कॅव्हिटेशन' हा शब्द सुचवला आर. ई. फ्रूड यांनी.

त्याच सुमारास, १८९४ मध्ये, चार्ल्स पार्सन्स यांनी 'टर्बिनिया' ही बोट पाण्यात सोडली. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ती पहिली बोट. टर्बाइन प्रचंड वेगानं फिरत होतं, पण बोट विसावर नॉट काही जाईना. पंखे बदलले, परत बदलले. शेवटी पार्सन्स यांनी ठरवलं की हे डोळ्यांनी बघायचं. त्यांनी काचेच्या खिडकीचं छोटंसं पाण्याचं चक्र बनवलं, त्यातला हवेचा दाब कमी केला, आत इवलासा पंखा फिरवला आणि लुकलुकणाऱ्या उजेडात तो बघितला. फिरता पंखा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसला, आणि त्याच्या मागे चिकटलेल्या पोकळ्याही दिसल्या. मग त्यांनी एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट केले, प्रत्येकावर तीन पंखे लावले. एकूण नऊ. बोट ३४ नॉटच्या वर गेली. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या आरमारी संचलनात टर्बिनिया युद्धनौकांच्या रांगांमधून बेधडक पळाली आणि तिला गाठणं कुणाला जमलं नाही. ती बोट आजही न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. आणि पार्सन्स यांच्या त्या छोट्या चक्राचे मोठे वंशज, म्हणजे कॅव्हिटेशन टनेल, आज जगभर आहेत. आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलासाठी काम करणाऱ्या प्रयोगशाळेतही आहे.

आपल्या कामाचा भाग एवढाच : पूर्वी न खडखडणारा पंखा अचानक खडखडायला लागला तर काय बघायचं? पहिलं, पात्याच्या पुढच्या धारेला खाच पडली आहे का, टोक वाकलं आहे का. एवढ्याशा वाकलेल्या धारेमागेही पोकळी लवकर पडते आणि कमी वेगातच सूं-सूं किंवा तडतड सुरू होते. दुसरं, पंख्यावर आणि तळाला समुद्री जीव चिकटलेत का. बोट बरेच दिवस उभी राहिली की पात्यांवर खडबडीत थर जमतो. तिसरं, पंख्यात नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का. हे आपल्या किनाऱ्यावर फार होतं. चौथं, मालकानं जास्त ताकदीचं इंजिन बसवलं आणि पंखा मात्र जुनाच ठेवला का. डेअरिंगची चूक आपण आजही करतो.

खडखडाटाचा एक चुलतभाऊ आहे, तो ओळखून ठेवा. लाटेवर बोटीचं मागचं टोक उचललं गेलं किंवा वळण फार तीव्र घेतलं, की पंखा वरून हवा ओढतो. मग इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं किंचाळतं, फेरे वाढतात, आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. यातल्या पोकळ्या वाफेच्या नसतात, हवेच्या असतात. हवा अशी झटकन मिटत नाही, म्हणून पातं पोखरलं जात नाही. पण इंजिनाला धक्के बसतात. इलाज सोपा आहे. मशीन कमी करा, पंख्याला परत पाणी धरू द्या.

दुसरं घराणं : गाणारा पंखा

आता माझा आवडता आवाज. बोट ठराविक वेगाला आली की पंखा चक्क सूर लावतो. एकच, स्वच्छ, लांबलेला सूर. वेग थोडा वाढवा, सूर जातो. आणखी वाढवा, कधी कधी दुसराच सूर लागतो. जहाजावर झोपलेल्या खलाशांना यानं वेड लागायची पाळी येते, कारण तो सूर सगळ्या पत्र्यातून घुमतो.

याचं कारण पात्याच्या मागच्या धारेत असतं. वारा सुटला की विजेच्या तारा गुणगुणतात, ते तुम्ही ऐकलं असेल. तारेच्या मागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून, असे आळीपाळीनं सुटतात. पात्याच्या मागच्या धारेवरूनही पाण्याचे भोवरे असेच सुटतात. दर सेकंदाला किती? साधा नियम आहे : पाण्याचा वेग भागिले धारेची जाडी, आणि त्याला साधारण ०.२ नं गुणायचं. आपला मघाचाच पंखा घ्या. मध्यापासून टोकाकडे सत्तर टक्के अंतरावर पाण्याचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर. धार ८ मिलिमीटर जाड. उत्तर येतं सेकंदाला ५५० भोवरे. म्हणजे ५५० हर्ट्झ. हार्मोनियमवर वरच्या सप्तकातली काळी एक, जवळजवळ तंतोतंत.

पण नुसते भोवरे सुटले म्हणून कानठळ्या बसत नाहीत. पातं हे काशाचं आहे, घंटेच्याच जातीचं. त्याला स्वतःचे सूर असतात. भोवऱ्यांची गती पात्याच्या एखाद्या सुराशी जुळली की पातं थरथरू लागतं. थरथरणारं पातं भोवऱ्यांना आपल्याच तालात सुटायला लावतं, आणि मग दोघं एकमेकांना धरून बसतात. म्हणून वेग किंचित बदलला तरी सूर लगेच तुटत नाही. तो चिकटून राहतो आणि मग एकदम सुटतो.

गंमत बघा. इथे पंखा मोडलेला नसतो, वाकलेला नसतो. उत्तम ओतलेला, उत्तम घासलेला पंखाही गातो. मालकाला वाटतं, नवीन पंख्यात दोष आहे. कधी कधी एकाच साच्यातल्या दोन पंख्यांपैकी एक गातो आणि दुसरा गात नाही, कारण धारेच्या जाडीत केसभर फरक असतो. इलाजही तेवढाच नाजूक आहे. मागच्या धारेची एक बाजू तिरकी तासायची, म्हणजे भोवरे नीट तालात सुटत नाहीत. ताल मोडला की गाणं थांबतं. पण हे काम जाणकारानंच करायचं. धक्क्यावर ग्राइंडर घेऊन चारही पाती अंदाजानं घासलीत तर गाणं जाईल आणि ठोके सुरू होतील.

मग गाण्याकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का? थोडे दिवस, हो. पण लक्षात घ्या, गाणं म्हणजे पातं सेकंदाला शेकडो वेळा वाकतंय. तार परत परत वाकवली की तुटते, तसं वर्षानुवर्षं गाणाऱ्या पात्याला धारेशी चीर जाऊ शकते.

तिसरं घराणं : ठोके

ठोके बऱ्याचदा कानाला कमी आणि पायाला जास्त कळतात. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला १०. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. पण तळव्याला, दाताला, ताटातल्या वरणाला ते कळतं. वरणावर लाटा दिसतात!

इथे थोडं मोजायला शिका, फार उपयोगी पडतं. चार पात्यांचा पंखा असेल तर दोन प्रकारचे ठोके येऊ शकतात. एका फेऱ्याला एक ठोका, म्हणजे सेकंदाला १०. किंवा एका फेऱ्याला चार ठोके, म्हणजे सेकंदाला ४०. पहिला प्रकार म्हणजे दोष एकाच पात्यात किंवा शाफ्टमध्ये आहे : एक पातं वाकलंय, त्याचा तुकडा उडालाय, किंवा शाफ्ट वाकडा झालाय. दुसरा प्रकार, मोठी घुमणारी घरघर, म्हणजे प्रत्येक पातं एकाच ठिकाणून जाताना धक्का खातंय. ते ठिकाण बहुतेक वेळा वरचं असतं. बोटीच्या तळाच्या आडोशाला पाणी मंद असतं. पातं तिथून गेलं की त्यावरचा भार बदलतो, आणि तळावर थाप बसते.

म्हणूनच पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांच्यात पुरेशी फट लागते. सर्वसाधारण अंदाज म्हणजे पंख्याच्या व्यासाच्या पंधरा ते वीस टक्के. मोठा पंखा बसवून ही फट खाल्ली की सगळी बोट ढोलासारखी वाजते. लोक इंजिनाखालचे रबर बदलत बसतात. दोष तिथे नसतोच.

आणि एक वेगळा ठोका : गिअर पुढून मागे टाकताना एकच जोरदार 'धडाम'. हा आला तर त्याच दिवशी बोट बाहेर घ्या. पंख्याचा नट ढिला झालेला असू शकतो, किंवा शाफ्टवरची चावी झिजलेली असू शकते. यात चर्चा नको.

चौथं घराणं : किंचाळणं

आता आमच्या तांडेलकाकांचा आवाज. फळ्यावर खडू तिरका धरून ओढला की अंगावर काटा येतो, तसा. कमी फेऱ्यांना येतो, वेग वाढवला की थांबतो. का? रबरी बेअरिंगमध्ये शाफ्ट पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर शाफ्ट फिरल्यामुळेच तयार होतो. फेरे कमी झाले की थर तुटतो, शाफ्ट रबराला चिकटतो, निसटतो, चिकटतो, निसटतो. सेकंदाला शेकडो वेळा. तेच किंचाळणं.

नव्या बेअरिंगमध्ये हे थोडे दिवस होऊ शकतं, हे खरं आहे. माझं म्हणणं त्या अर्थी पूर्ण चूक नव्हतं. चूक ही, की मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. दिवसेंदिवस कमी होतंय की वाढतंय? आधी फक्त बंदरात यायचं, आता बाहेरही येतं का? शाफ्टची नळी हाताला गरम लागते का? ते प्रश्न विचारले असते, तर काकांकडे तिन्हींची उत्तरं होती. त्यांनी ती नंतर मला सांगितली. वाढत होतं, बाहेरही येत होतं, आणि नळी गरम लागत होती. कोरड्या बेअरिंगनं रबर खाल्लं, शाफ्टला जागा मिळाली, तो फिरताना झोल खाऊ लागला, आणि जिथे तो निमुळता होतो तिथे, चावीच्या खाचेपाशी, दर फेऱ्याला वाकून वाकून तुटला.

आपल्या खाड्यांमध्ये गाळ भरपूर. वाळू-गाळ बेअरिंगमध्ये गेला की ही झीज आणखी वेगानं होते. म्हणून पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी शाकारलेल्या असतात, तेव्हा एक काम करा. पंखा हातानं धरून वर-खाली हलवून बघा. शाफ्ट डगडग हलला तर बेअरिंगचं आयुष्य संपलं.

आणि त्याच वेळी प्रत्येक पात्यावर लाकडी हातोडीनं हलकेच मारा. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं. निरोगी पातं खणखणीत वाजतं. चीर गेलेलं किंवा खाऱ्या पाण्यानं ज्याच्यातलं जस्त खाल्लं गेलंय, ते पातं बद्द वाजतं. असं पातं खरवडलं तर आत गुलाबी तांबूस रंग दिसतो.

ऐकायचं कसं?

चार प्रश्न पाठ करा. एक : गिअर न्यूट्रलला टाकून इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर ठेवलं तर आवाज राहतो का? राहिला तर तो इंजिनाचा, पंख्याला दोष देऊ नका. दोन : इंजिन पूर्ण बंद करून बोट नुसती वाहू दिली, तरी आवाज राहतो का? तीन : आवाज सगळ्या वेगांना आहे की एकाच वेगाला? चार : कालपेक्षा आज वेगळा आहे का? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर इंजिनिअरकडे नसतं. ते रोज बोटीवर असणाऱ्या माणसाकडे असतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आम्ही गोव्याजवळ नांगर टाकून होतो. इंजिन बंद, तरी तळातून रात्रभर तडतड येत होती. हे काय?*

छान प्रश्न. बहुधा ती कोळंबी होती! पिस्तुली कोळंबी म्हणू आपण. उथळ, कोमट पाण्यात, खडकांपाशी ही असते. तिचा एक चिमटा मोठा असतो. तो इतक्या वेगानं मिटतो की पाण्याचा झोत सुटतो आणि त्यात पोकळी पडते. पूर्वी वाटायचं की आवाज चिमट्याच्या दोन बाजू आपटल्याचा आहे. २००० साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की तो पोकळी मिटण्याचा आहे. म्हणजे पंख्याचंच भौतिकशास्त्र. बोटीला काही झालेलं नाही, निवांत झोपा.

*प्रश्न : पाणबुडीचा पंखा आवाज करत नाही, असं म्हणतात. खरं आहे का?*

करतो, पण कमीत कमी करावा म्हणून अमाप पैसा ओतला जातो. खोलीचाही फायदा असतो. १०० मीटर खोलीवर दाब साधारण अकरा पट असतो, त्यामुळे पोकळ्या पडायला खूप जास्त वेग लागतो. बाकी सगळं पात्याच्या आकारावर. १९८७ साली मोठा गाजावाजा झाला होता. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं सोव्हिएत संघाला पंख्यांची पाती अचूक तासणारी यंत्रं विकली होती, आणि त्यावर नियंत्रणाची यंत्रणा नॉर्वेच्या कोंग्सबर्गची होती. अमेरिकेत एवढा संताप झाला की तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी संसदेबाहेर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला. एका पात्याच्या धारेची किंमत ही अशी असते.

*प्रश्न : या आवाजाचा माशांना, देवमाशांना त्रास होतो का?*

होतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून वेगानं, आणि फार लांब पोचतो. मोठ्या जहाजांच्या पंख्यांची घरघर ज्या पट्टीत असते, त्याच पट्टीत मोठे देवमासे एकमेकांशी बोलतात. सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर जहाजांची वाहतूक काही दिवस मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला आवाज ६ डेसिबलनं उतरला, आणि तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं कमी झालेली आढळली. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०१४ मध्ये पाण्याखालचा आवाज कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्यात भर पंख्यावरच आहे. कारण खडखडणारा पंखा देवमाशाचं बोलणं बुडवतो आणि मालकाचं डिझेलही जाळतो. इथे दोघांचं हित एकच आहे.

*प्रश्न : मी मच्छीमार नाही, इंजिनिअर नाही. मांडव्याला लाँचनं जाणारी साधी प्रवासी आहे. मी हे ऐकून काय करू?*

ताई, तुम्ही रोज जात असाल तर त्या लाँचचा आवाज तुमच्या कानात बसलेला आहे, तुम्हाला ठाऊक नसलं तरी. एखाद्या दिवशी तो वेगळा वाटला तर खलाशाला सांगा. फक्त एवढंच म्हणा, "आज आवाज वेगळा येतोय." तो कदाचित हसेल, मी हसलो होतो तसा. तरीही सांगा. आणि इथे जे कोणी माझ्या धंद्यातले बसले असतील त्यांना माझी विनंती आहे. असं कुणी सांगायला आलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि विचारा, "कधीपासून?"